तीन गोळ्या रोज, जन्मभर? – मुलाचा एफएमएफ आणि पुढची वर्षं

वाळवणवाली (इंदूर) | १८ जून, रात्री ११.२०

धागा कुठल्या विभागात काढावा कळेना, म्हणून आरोग्यात टाकतेय. चुकला असेल तर हलवा.

मुलगा अठरा वर्षांचा आहे. बारावी झाली, जुलैअखेर पुण्याला इंजिनिअरिंगला जाईल. होस्टेलही मिळालंय. घरात सगळे खूश आहेत, मीही आहे, पण रात्री झोप लागत नाही. कारण त्याचा आजार. फॅमिलियल मेडिटरेनियन फिव्हर. आम्ही नुसतं एफएमएफ म्हणतो, सासूबाई 'तो समुद्रातला ताप' म्हणतात. चार पिढ्या रामबागेत काढलेल्या घरात भूमध्य समुद्र कुठून शिरला, हे कोडं काही सुटलेलं नाही.

सहाव्या वर्षी सुरू झालं. संध्याकाळी खेळून आला तो हुडहुडी भरूनच. ताप १०३, आणि पोट लाकडासारखं कडक, हात लावू देईना. दोन दिवस आडवा. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून म्हणतो, आई, पोहे कर ना. जसं काही झालंच नव्हतं. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तेच. कधी पोट, कधी एका बाजूला छातीत कळ, श्वास घेता येईना. एकदा नुसता घोटा सुजून लाल झाला.

दर वेळी मलेरियाची तपासणी, दर वेळी विडाल. विडाल जराशी वर दिसली की टायफॉइडचा कोर्स. तिसऱ्या दिवशी ताप उतरायचा आणि श्रेय अँटिबायोटिकला जायचं. ताप आपला आपणच उतरत होता हे कळायला पाच वर्षं गेली. नवव्या वर्षी इथल्याच एका रुग्णालयात रातोरात अपेंडिक्स काढलं. रिपोर्ट आला, अपेंडिक्स अगदी निर्दोष! टाक्यांचा व्रण ओला असतानाच पुढचा झटका आला. शाळेत बाई म्हणाल्या, परीक्षा आली की बरं याचं पोट दुखतं. आणि खोटं कशाला बोलू, एकदा मलाही तसंच वाटलं होतं. तापात होता तरी मी त्याला रागावले. ते काही केल्या विसरता येत नाही.

शेवटी माझी एक सवय कामाला आली. दूध, धोबी, गॅस, सगळा हिशेब मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिते. त्यातच त्याच्या तापाला लाल गोल करत होते. मुंबईच्या र्‍हुमॅटॉलॉजिस्टनी (संधिवाताच्या डॉक्टरांनी) तीन वर्षांची ती कॅलेंडरं टेबलावर पसरली. दूध अर्धा लिटर जास्त, लाल गोल, धोबी आला नाही, लाल गोल. बराच वेळ बघत बसले. मग विचारलं, "प्रत्येक वेळी तीन दिवसांच्या आतच उतरतो का?" तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. जनुक तपासणीत एमईएफव्ही या जनुकात एक एम६९४व्ही आणि एक ई१४८क्यू असे दोन बदल निघाले. कॉल्चिसिन सुरू झालं आणि दोन महिन्यांत कॅलेंडर कोरं दिसायला लागलं.

आता रोज अर्ध्या मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या. तीन वर्षांत एकच झटका आला, तोही सहलीला गेला असताना चार दिवस गोळ्या बॅगेच्या तळाशीच राहिल्या म्हणून.

मग काळजी कसली, असं नवरा विचारतो. काळजी अशी की तो आता मला दिसणार नाही. डॉक्टर म्हणतात गोळी जन्मभर. अठरा वर्षांच्या पोराला 'जन्मभर' म्हणजे काय कळतं? किडनीचं काय? पुढे लग्न, मुलंबाळं? कोणी हा आजार घेऊन चाळीशी-पन्नाशी गाठली असेल तर मला त्या माणसाशीच बोलायचंय. डॉक्टरांशी बोलून झालंय.

आणि एक कबुली. तो झोपला की मी त्याची स्ट्रिप काढून गोळ्या मोजते. रोज. गेल्या आठवड्यात त्यानं मला पकडलं. तेव्हापासून धड बोलत नाहीये.

सुदामानगरकर | १८ जून, ११.५२

ताई, वाचून पोटात कालवलं. हा आजार पहिल्यांदाच ऐकतोय. संधिवातासारखाच ऑटोइम्यून का?

ग्वाल्हेरची_सिस्टर | १९ जून, सकाळी ६.१०

नाईट संपवून घरी आलेय, जमेल तसं लिहिते. मी डायलिसिस विभागात नर्स आहे, डॉक्टर नाही.

ऑटोइम्यून नाही, ऑटोइन्फ्लमेटरी. हा शब्द १९९९ मध्ये आला, तोवर हे सगळे आजार एकाच गाठोड्यात होते. आमच्या सरांनी मला असं समजावलं होतं. आपल्या गल्लीतलं कुत्रं आपल्यालाच ओळखेनासं होऊन चावायला लागलं, तर ते ऑटोइम्यून. आणि कोणी आलेलं नसताना मध्यरात्री उठून भुंकतं, सगळी गल्ली जागी करतं आणि थकलं की झोपतं, तर ते ऑटोइन्फ्लमेटरी. म्हणून एएनए, आरए फॅक्टर वगैरे तपासण्या कितीही केल्या तरी हाती काही लागत नाही. एफएमएफमध्ये बिघाड पायरिन नावाच्या प्रथिनात असतो. हे जंतूची चाहूल घेणारं प्रथिन आहे. ते उगाचच पेटतं, इंटरल्युकिन-१ नावाचं सूज आणणारं रसायन सुटतं, ताप चढतो आणि पोटाच्या, फुप्फुसाच्या, सांध्याच्या अस्तराला सूज येते. बारा तास ते तीन दिवस. मग सगळं शांत.

ताई, तुम्ही विचारलं किडनीचं. झटका दिसतो, त्याला आपण घाबरतो. पण किडनीला त्रास देणारी गोष्ट झटक्यासारखी दिसत नाही. सूज वारंवार येत राहिली की यकृत एसएए नावाचं प्रथिन बेसुमार बनवतं. त्याचे न विरघळणारे धागे किडनीत साचत जातात, तो अमायलॉइड. तो दुखत नाही. पहिली खूण म्हणजे लघवीतून प्रोटीन जाणं, आणि तेही तपासल्याशिवाय कळत नाही. लघवीला फेस, पायाला सूज येईपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो. म्हणून दर सहा महिन्यांनी सकाळच्या लघवीची साधी तपासणी. स्वस्त आहे, कुठल्याही गल्लीतल्या लॅबमध्ये होते. सोबत झटका नसलेल्या दिवशी सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी. झटका नसताना तो वर असेल, तर आग आत धुमसतेय असं समजायचं.

ई१४८क्यूचं मात्र फार मनावर घेऊ नका. तो बदल आपल्या उपखंडात धडधाकट माणसांतही सर्रास सापडतो. तुमच्या मुलाचं निदान त्याच्या कॅलेंडरनं आणि गोळीनं दिलेल्या उतारानं पक्कं केलंय.

जुना_रामबागी | १९ जून, सकाळी ९.३५

वाळवणवाली ताई, तुम्हाला हवा असलेला माणूस मी आहे. वय ५१. एफएमएफ लहानपणापासून, निदान तेहेतिसाव्या वर्षी. आणि मी या आजारात करू नये ते सगळं केलंय, तेव्हा नीट वाचा.

आमच्या वेळी याला 'वायूचा त्रास' म्हणत. ओवा, हिंग, पोटाला एरंडेल. आईनं उज्जैनला नवस बोलला होता. माझंही अपेंडिक्स गेलं, त्यामुळे तुमच्या मुलाचा आणि माझा व्रण एकाच जातीचा. कॉलेजात मला सगळे 'तीन दिवसांचा पाहुणा' म्हणायचे, कारण मी तीन दिवस गायब आणि चौथ्या दिवशी कँटीनमध्ये हजर.

नोकरीनिमित्त आखातात गेलो. तिथे झटका आला तेव्हा ड्यूटीवर एक लेबनीज डॉक्टर होती. तिनं दोन प्रश्न विचारले: किती दिवस टिकतो, आणि मधल्या दिवसांत काही होतं का. हसली आणि म्हणाली, आमच्याकडे हे शाळेतली पोरंही ओळखतात. इथे तीस वर्षं ज्याचं नाव कोणाला सांगता आलं नाही, ते तिनं दहा मिनिटांत सांगितलं. अरब, तुर्की, आर्मेनियन, ज्यू यांच्यात हा आजार पुष्कळ. आपल्याकडे इतका विरळा की डॉक्टरांच्या डोक्यातच येत नाही, आणि त्यात त्यांचा दोष तरी किती धरायचा?

गोळी सुरू झाली, झटके थांबले. इथपर्यंत गोष्ट गोड आहे. मग मी इंदूरला परत आलो. वर्ष गेलं, दोन गेली, काही होईना. मला वाटलं आजार आखातातच राहिला. गोळी सोडली. मधूनमधून बारीक ताप यायचा, अंग दुखायचं, मी क्रोसिन घेऊन दुकानात जायचो. पाच वर्षं अशी गेली. गणपतीत मूर्ती आणायला गेलो तर चपलेत पाय जाईना. तपासलं तर लघवीतून ढीगभर प्रोटीन. किडनीचा तुकडा काढून काँगो रेड नावाच्या रंगानं रंगवला, खास भिंगाखाली तो हिरवा चमकला. अमायलॉइड.

१९८६ मध्ये इस्रायलमधल्या डॉक्टरांनी १०७० एफएमएफ रुग्णांचा ४ ते ११ वर्षांचा पाठपुरावा छापला होता. त्यांतल्या ९६० जणांच्या किडन्या सुरुवातीला चांगल्या होत्या. ज्यांनी गोळी इमानदारीनं घेतली त्यांच्यातल्या अवघ्या चौघांच्या लघवीत प्रोटीन आलं. ५४ जणांनी कबूल केलं की आम्ही गोळ्या नीट घेतल्या नाहीत. त्यांच्यातल्या सोळांच्या लघवीत आलं. पंचावन्नावा मी, एवढंच की मी इंदूरमध्ये होतो.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मी पाठ करून ठेवलाय. ज्यांना आधीच प्रोटीन जात होतं पण प्रकरण फार पुढे गेलेलं नव्हतं अशा ८६ जणांत गोळी धरल्यावर ६८ जणांचं तिथल्या तिथे थांबलं, पाच जणांचं तर गेलंच. मी त्या ६८ वाल्यांच्या रांगेत. बारा वर्षं झाली. क्रिएटिनिन (किडनी कमजोर झाली की रक्तात वाढतं ते) १.९ च्या आसपास रेंगाळतंय. किडनी कमजोर म्हणून माझा डोस कमी, दोनच गोळ्या. दुकान चालवतो, सराफ्यात जातो, गराडू खातो (डॉक्टरांना सांगू नका).

लग्नाचं विचारलंत. दोन मुली आहेत, दोघी ठणठणीत. आजार होण्यासाठी सहसा आई-बाप दोघांकडून बिघडलेली प्रत यावी लागते. गोळी चालू असताना बाप होता येतं. बायकांनाही गरोदरपणात आणि अंगावर पाजताना ती चालू ठेवायला सांगतात, उलट थांबवली तर झटक्याचाच त्रास बाळाला जास्त.

स्ट्रिप मोजण्याबद्दल माझं मत नंतर लिहितो. गिऱ्हाईक आलं.

निसर्गप्रेमी_७१ | १९ जून, दुपारी १.०५

जन्मभर रासायनिक गोळ्या खायच्या हे काही पटत नाही. ज्या कॉल्चिसिनचं एवढं कौतुक चाललंय ते मुळात आपल्या कळलावीतून निघतं. गौरीचे हात म्हणून आपण महालक्ष्म्यांना वाहतो तेच फूल. पातालपाणीच्या वाटेवर श्रावणात वेली फुललेल्या दिसतात. नैसर्गिक स्वरूपात घेतलं तर दुष्परिणाम नसतात. सियागंजात जडीबुटीवाले सुरंजानही देतात, तेही त्याच गुणाचं. कंपन्यांना हे नको असतं.

काउंटरवरून | १९ जून, दुपारी १.२०

काका, तुमचा प्रतिसाद वाचून हातातली सूची सोडून बसलोय.

कळलावीत कॉल्चिसिन असतं हे शंभर टक्के खरं. आपला देश तिचं बी परदेशी विकतो, तमिळनाडूत तिची शेती होते. पण म्हणूनच ती घरात शिजवायची नसते! या औषधात उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यात जेमतेम बोटभर जागा आहे. एका कंदात किती आहे हे कंदाला माहीत नसतं. कळलावीचा कंद रताळं समजून खाल्लेली माणसं दगावली आहेत. आधी उलट्या-जुलाब, मग रक्तपेशी कोसळतात, मग एकेक अवयव. उतारा दवाखान्यात सहज मिळेल असा नाही. सुरंजानचंही तेच, गोड कुठलं आणि कडू कुठलं हे पुडी बांधणाऱ्याला ओळखता येईलच याची खात्री कोण देणार? गोळीचा फायदा एवढाच की तिच्यात अर्धा मिलिग्रॅम म्हणजे अर्धा मिलिग्रॅमच असतो. फूल महालक्ष्म्यांना खुशाल वाहा.

आता ताईंसाठी. माझं दुकान दवाबाजाराजवळ आहे, बावीस वर्षं झाली. कॉल्चिसिन आमच्याकडे गाऊटच्या (युरिक ॲसिडनं सांधे सुजतात त्याच्या) खणात असतं, स्वस्त औषध आहे. एफएमएफवर ते चालतं हे १९७२ मध्ये ध्यानात आलं, पण गाऊटसाठी माणूस ते शतकानुशतकं खातोय. पुण्यात मिळायची अडचण नाही. तरी सुरुवातीला तीन महिन्यांचं द्या, कारण नव्या गावात पोरगं पहिली चिठ्ठी घेऊन केमिस्टकडे जायला महिना लावतं.

मुख्य धोका दुसरीकडे आहे. होस्टेलमध्ये घसा धरेल, खोकला होईल, जवळचा डॉक्टर अँटिबायोटिक लिहील. क्लॅरिथ्रोमायसिन असेल तर घ्यायचं नाही. ते कॉल्चिसिन शरीरातून बाहेर पडू देत नाही, आणि या जोडीनं माणसं गेल्याची उदाहरणं आहेत. काही बुरशीनाशक गोळ्यांचंही तसंच, इट्राकोनाझोल, केटोकोनाझोल. डॉक्टरला दरवेळी पहिलं वाक्य हेच सांगायचं: मी रोज कॉल्चिसिन घेतो. पाकिटात कागद ठेवा. आधारच्या मागे.

गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही. झटका आला म्हणून स्वतःच्या मनानं चार-पाचही नाही. झटक्यात दुखण्यावर वेगळं औषध डॉक्टर देतात. आणि पोट सतत ढिलं राहत असेल तर पहिल्यांदा दूध कमी करून बघा, या गोळीमुळे काहींना दूध पचेनासं होतं. निम्मी पोरं जुलाबाला कंटाळून गोळी सोडतात आणि सांगत नाहीत.

(निम्मी हा माझा काउंटरवरचा अंदाज, शास्त्र नाही.)

निसर्गप्रेमी_७१ | १९ जून, दुपारी १.४८

माझा हेतू वाईट नव्हता.

काउंटरवरून | १९ जून, दुपारी १.५०

माहीत आहे काका. म्हणून तर एवढं लिहिलं.

अवांतरपंत | १९ जून, सायंकाळी ५.१५

अवांतर आहे, आधीच सांगतो. पण सासूबाईंच्या समुद्राचं अर्धं उत्तर सापडलंय.

भूमध्याच्या काठच्या इतक्या माणसांत हा दोष टिकला कसा, असा प्रश्न शास्त्रज्ञांना पडला होता. वाईट जनुक सहसा इतकं पसरत नाही. २०२० मध्ये एक संशोधन आलं. प्लेगचा जंतू आपल्या पेशीत एक प्रथिन सोडतो आणि सिस्टरांच्या त्या पायरिनला गप्प करतो. पण एफएमएफवाला पायरिन त्याला तितकासा बधत नाही, भुंकतोच. म्हणजे ज्यांच्याकडे अशी एक प्रत होती ते प्लेगाच्या साथीतून तगले असावेत. दोन्ही प्रती आल्या की आजार. पणजोबांना वाचवणारी वस्तू पणतूला ताप देते, असा हिशेब.

आता इंदूरकरांसाठी. आपल्या गावालाही प्लेगानं छळलं होतं. तुकोजीराव तिसऱ्यांच्या काळात नगररचनाकार पॅट्रिक गेडीस आले. १९१८ चा त्यांचा इंदूरचा अहवाल प्रसिद्धच आहे. त्यांनी दिवाळीत मिरवणूक काढली, त्यात प्लेगाचा राक्षसी उंदीर करून मिरवला आणि लोकांना घरंदारं झाडायला लावली. त्यासाठी त्यांना एका दिवसाचा महाराजा केलं होतं! स्वच्छतेत पहिला नंबर आज आला म्हणून आपण मिरवतो, पण मुहूर्त तेव्हाचा आहे.

रामबागेतल्या एखाद्या घरात ते जनुक कुठल्या व्यापाऱ्याच्या, कुठल्या शिपायाच्या वाटेनं आलं, ते मात्र आता कोण सांगणार.

मांडवीची_मुलगी (वडोदरा) | १९ जून, रात्री ९.४०

मी या कुळातल्या दुसऱ्या घरची. स्टिल्स डिसीज. वयाच्या सव्विसाव्या वर्षी झाला. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी ताप, तापासोबत अंगावर गुलाबी चट्टे, ताप उतरला की चट्टेही गायब. डॉक्टर सकाळी राउंडला येणार तेव्हा मी स्वच्छ! नवऱ्यानं रात्री मोबाइलवर फोटो काढून ठेवले म्हणून विश्वास बसला. रक्तातलं फेरिटिन, जे अशा सुजेत वाढतं, हजारांत गेलं होतं. आधी टीबी समजून औषधं सुरू करायच्या बेतात होते.

माझं औषध वेगळं. स्टेरॉइड, मग मेथोट्रेक्सेट, त्यावर भागलं नाही म्हणून टोसिलिझुमॅबची इंजेक्शनं, तीही आधी टीबीची तपासणी करूनच. आमच्यात कुणाला एकदाच येऊन जातो, कुणाला वर्षांनी परत येतो, कुणाच्या सांध्यांत कायमचा बसतो. पुढे काय, हे डॉक्टरही पहिल्या वर्षी सांगत नाहीत. तुमच्या मुलाचं त्या मानानं सरळ आहे, ताई. एक गोळी, स्वस्त, आणि तिचा पन्नास वर्षांचा अनुभव गाठीशी.

ज्यांना कॉल्चिसिन पुरेसं घेऊनही भागत नाही असे एफएमएफवाले पाच-दहा टक्के असतात. त्यांच्यासाठी इंटरल्युकिन-१ अडवणारी इंजेक्शनं आहेत, ॲनाकिन्रा रोजचं आणि कॅनाकिनुमॅब चार आठवड्यांनी. कॅनाकिनुमॅबला अमेरिकेत एफएमएफसाठी २०१६ मध्ये मंजुरी मिळाली. पण खर्च ऐकून माझ्या सासऱ्यांनी विचारलं होतं की यात कारही येते का. तुम्हाला ती पायरी लागू नये हीच इच्छा.

आता मोजण्याबद्दल. माझी आई अजून फोनवर पहिला प्रश्न विचारते, "ताप?" मी कशी आहे हे विचारत नाही. मी आता पस्तीस वर्षांची आहे. मला ते आवडत नाही आणि एक दिवस तिनं विचारलं नाही तर चुकल्यासारखंही होतं. दोन्ही खरं आहे.

जुना_रामबागी | १९ जून, रात्री १०.२५

दुकान बंद करून आलो.

ताई, मोजणं सोडा. मी पाच वर्षं गोळी खाल्ली नाही तेव्हा माझी बायको रोज विचारायची, घेतली का? मी रोज 'हो' म्हणायचो. बाटली रिकामी दिसावी म्हणून गोळ्या बेसिनमध्ये टाकल्या आहेत मी. मोजणाऱ्याला फसवणं सोपं असतं. लघवीला फसवता येत नाही.

त्याच्याकडून रोजचा हिशेब मागू नका. सहा महिन्यांचा रिपोर्ट मागा, तोही त्यानं स्वतः जाऊन करून आणलेला. आणि त्याला माझी गोष्ट वाचायला द्या, आईच्या सांगण्यातून नको, सरळ हा धागाच द्या.

'जन्मभर' हा शब्दही जरा बाजूला ठेवा. पाच वर्षांहून जास्त एकही झटका नाही आणि मधल्या काळातला सीआरपीही शांत, असं असेल तर डॉक्टर डोस थोडा कमी करून बघण्याचा विचार करतात. पण तो विचार डॉक्टर करतात. मी माझा मी केला होता.

सुदामानगरकर | १९ जून, रात्री १०.४०

+१. भिया, तुम्ही हे लिहिलंत त्याला हिंमत लागते.

वाळवणवाली | २२ जून, सायंकाळी ७.३०

सगळ्यांचे आभार मानायला शब्द शोधत होते, सापडले नाहीत, तेव्हा तसंच लिहिते.

धागा त्याला पाठवला. दोन दिवस काही बोलला नाही. काल सकाळी स्वतःच लॅबमध्ये गेला, बरणी घेऊन. रिपोर्ट आज आला. प्रोटीन नाही. सीआरपी नॉर्मल. रिपोर्ट त्यानंच फ्रीजवर चुंबकानं लावला, माझ्या दुधाच्या हिशेबाशेजारी.

दुधावरून आठवलं, काउंटरवरून, तुमचं बरोबर निघालं. विचारलं तर म्हणाला, दूध प्यायलो की दोनदा जावं लागतं, म्हणून कधीकधी रात्रीची गोळी टाळायचो. मी वर्षभर मोजत होते ना? तो टाळलेली गोळी खिशात घालून शाळेत नेऊन टाकायचा. रामबागी दादा, तुम्ही बेसिनमध्ये, हा शाळेत.

रागावले नाही. या वेळी नाही.

मुंबईच्या डॉक्टरांशी फोनवर बोललो. दूध बंद करून बघायचं आणि तीन गोळ्या दोन वेळांत विभागायच्या, एक सकाळी, दोन रात्री. पुण्यातल्या र्‍हुमॅटॉलॉजिस्टच्या नावे चिठ्ठी देणार आहेत.

सिस्टर, एक विचारायचं राहिलं. होस्टेलमध्ये झटका आलाच आणि पोट दुखलं, तर हे नेहमीचंच म्हणून खोलीत पडून राहायचं का?

ग्वाल्हेरची_सिस्टर | २३ जून, सकाळी ६.३०

नेहमीसारखं असेल तर सहसा तीन दिवसांत उतरतंच. पण नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, उलट्या थांबेनात, पोट फुगलं, गॅस-शौच बंद झालं, किंवा तीन दिवस उलटले, तर सरळ दवाखाना. पोटाचं एकदा ऑपरेशन झालेल्याला आतडं अडकण्याचा धोका असतो. एफएमएफ आहे म्हणून दुसरं काही होणारच नाही असं नाही. रूममेटला आजाराचं नाव आणि पाकिटातला तो कागद दोन्ही माहीत असू देत.

तिसरी_गोळी | २३ जून, रात्री ११.५८

नमस्कार. मी तो मुलगा. आजच खातं काढलं.

रामबागी काका, तुमचा प्रतिसाद मी चार वेळा वाचला. काही म्हणत नाही, वाचला एवढंच सांगतो. तुमचं दुकान बहुतेक मला माहीत आहे. उद्या येतो.

सहा महिन्यांचा रिपोर्ट आईला पाठवीन. जानेवारी आणि जुलै, मोबाइलमध्ये टाकलंय. रोज फोन केला तर गोळीचं विचारायचं नाही असं ठरलंय. (आई हे वाचणार आहे.)

अवांतरपंत, प्लेगवालं भारी आहे. होस्टेलमध्ये ओळख करून देताना तेच सांगणार.

बाकी माझा खरा प्रश्न कोणी विचारलाच नाही. पुण्यात पोहे बरे मिळतात का?

अवांतरपंत | २४ जून, सकाळी ७.०५

पोहे मिळतात. वर शेव मागितलीस तर फरसाण देतील, आणि जिलेबी दुपारशिवाय नाही.

काउंटरवरून | २४ जून, सकाळी ७.४०

पोह्यांवरचं जिरावण घरून ने. अर्धा किलो. गोळ्यांच्या बाटलीशेजारीच ठेव, म्हणजे रोज सकाळी हात तिथे जाईल.

जुना_रामबागी | २४ जून, सकाळी ८.१५

अकरानंतर ये. त्याआधी गिऱ्हाईक असतं.